टाळाचा ठोका आणि वीणेचा सूर

हल्ली कीर्तनात विज्ञानाचे दाखले देण्याची पद्धत पडली आहे. हरकत नाही, पण दाखला आधी आपल्याला कळलेला असावा. अनिश्चितता तत्त्वाचे नाव घेऊन, ‘पाहणाऱ्यामुळेच जग निर्माण होते, वेदान्त सिद्ध झाला’ असे सांगणारे तरुण महाराज मी ऐकले आणि हे प्रकरण मुळातून समजून घ्यावेसे वाटले. नात पदार्थविज्ञान शिकते. पंच्याहत्तरीत तिच्यापुढे वही घेऊन बसलो.

वर्नर हायझेनबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने १९२७ साली कोपनहेगनला हे तत्त्व मांडले. इलेक्ट्रॉनचे स्थान आणि त्याचा संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, ही दोन्ही एकाच वेळी हवी तितकी अचूक ठरत नाहीत. एकाची अनिश्चितता कमी केली की दुसऱ्याची वाढते. समजावण्यासाठी त्यांनी सूक्ष्मदर्शकाचे उदाहरण दिले : इलेक्ट्रॉन पाहायला गॅमा किरण टाकावा, तर त्याच्याच धक्क्याने संवेग बदलतो. पुष्कळजण इथेच थांबतात. मग वाटते, धक्का न लावता पाहता आले असते तर दोन्ही कळले असते! नील्स बोर यांनी त्या उदाहरणातली उणीव तेव्हाच दाखवली आणि हायझेनबर्ग यांनी लेख छापून होण्याआधी शेवटी टीप जोडून ती कबूल केली. विद्वानाचे हे लक्षण मला फार आवडले.

मला उलगडा झाला तो वीणेपाशी. दाबून मारलेला टाळाचा ठोका कोणत्या क्षणी पडला, हे अचूक सांगता येते. पण त्याचा सूर कोणता, हे पेटीवाल्यालाही सापडत नाही. वीणेची तार घुमत राहिली की सूर स्पष्ट लागतो. मात्र तो नाद नेमका कोणत्या क्षणाचा, हा प्रश्नच उरत नाही. यात कानाचा दोष नाही. क्षणभराच्या नादाला एकच एक सूर नसतोच. तरंगाचा स्वभावच तसा. इलेक्ट्रॉनही तरंगासारखा वागतो. त्याचे स्थान म्हणजे ठोका, संवेग म्हणजे सूर. दोन्ही त्याच्यापाशी लपवलेली आहेत आणि आपल्याला दिसत नाहीत, असे नव्हे.

यात पाहणाऱ्याच्या मनाचा संबंध कुठे आला? आमचा पांडुरंग कोणाच्या समीकरणाच्या आधाराने उभा नाही, त्याला तिथे ओढू नये.

शिवाय ही अनिश्चितता मोघम नाही, तिला हिशोब आहे. नातीने मांडून दाखवला. एक ग्रॅमचा तुळशीमणी मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत नेमका ठेवला, तरी या तत्त्वामुळे येणारी वेगातली किमान अनिश्चितता इतकी क्षुल्लक, की विश्वाच्या १३.८ अब्ज वर्षांतही तेवढ्या वेगाने मणी केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतका सरकणार नाही. इलेक्ट्रॉनला मात्र अणूएवढ्या जागेत कोंडले, तर वेगाची अनिश्चितता सेकंदाला निदान ५८० किलोमीटर! जागा आणखी आवळावी, तर ती आणखी वाढते. म्हणून तो केंद्रकात कोसळून पडत नाही, आणि विटेतला प्रत्येक अणू आपला आकार धरून राहतो.