मंडळाचा उंबरठा

महाविद्यालयात प्रवेश मिळणे आणि महाविद्यालयातल्या माणसांत प्रवेश मिळणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी गुणपत्रिका पुरते. दुसरीसाठी काय लागते, हे कोणतेही माहितीपत्रक सांगत नाही. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस संशोधनासाठी मी बंगळूरला आलो, तेव्हा हा प्रश्न मला प्रथम पडला. लातूर-सोलापूरकडून या शहरात शिकायला येणारी मुले आज तोच प्रश्न मला विचारतात.

अमेरिकेत या प्रश्नाला एक बांधीव उत्तर आहे. तेथील अनेक महाविद्यालयांत मुलांची भ्रातृमंडळे आणि मुलींची भगिनीमंडळे असतात. त्यांची नावे ग्रीक अक्षरांची. सत्राच्या आरंभी इच्छुकांनी मंडळांच्या घरी जाऊन भेटीगाठी घ्यायच्या, मग मंडळाने निवडक जणांना निमंत्रण द्यायचे, काही काळ उमेदवारी करायची आणि शेवटी दीक्षाविधी. ‘फाय बीटा कॅपा’ हे या परंपरेतील पहिले मंडळ 1776 साली व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी कॉलेजात निघाले, ते निबंध वाचण्यासाठी आणि वाद करण्यासाठी. म्हणजे ते वस्तुतः एक वाङ्मय मंडळच होते. गुप्त हस्तांदोलन होते, परंतु आत गेल्यावर काम होते ते विचारांचे. पुढे अनेक मंडळांत विचार मागे पडला आणि निवड तेवढी उरली. ज्यांना ही दारे बंद होती त्यांनी आपली दारे उभारली. कॉर्नेल विद्यापीठातील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी 1906 साली ‘अल्फा फाय अल्फा’ स्थापन केले, ते यातूनच.

आपल्याकडे ग्रीक अक्षरे नाहीत. परंतु दारे होती आणि आहेत. ज्ञातीची वसतिगृहे हे आपले भ्रातृमंडळ. त्यांना नाके मुरडणे सोपे आहे. त्यांचे ऐतिहासिक कार्य नाकारणे अन्यायाचे ठरेल. शाहू महाराजांनी कोल्हापुरात 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले आणि त्यामागून निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. खेड्यातल्या मुलाला शहरात भाकरी आणि अंथरूण मिळाल्यावाचून शिक्षण हा शब्द पोकळ आहे, हे त्यांनी ओळखले होते. बंगळुरातही 1906 साली वोक्कलिगर संघ स्थापन झाला, तो समाजातील शिक्षणाच्या याच गरजेतून. मात्र जे दार वंचितासाठी उघडले, तेच पुढच्या वंचितासाठी बंद होऊ शकते. भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहत असताना अस्पृश्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला गेले. परतल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यांना तेथून जावे लागले, असे चरित्रकार सांगतात. त्याच भाऊरावांनी 1924 साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह उघडले. उंबरठ्याबाहेर पडलेल्या माणसाने उंबरठ्याचा अर्थच बदलला!

हे मला पुस्तकातून पुष्कळ नंतर समजले, अनुभवातून आधी. बंगळुरात ज्या वसतिगृहात मला जागा मिळाली, तेथे माझा विषय कोणी विचारला नाही. आडनाव विचारले, मग गाव, मग गावातले नातलग. माझ्याच गाडीने आलेल्या, माझ्याहून अधिक गुण असलेल्या एका मुलाला त्याच टेबलावरून परत पाठवण्यात आले. मला जागा मिळाली आणि त्याला मिळाली नाही, यात माझे कर्तृत्व काहीही नव्हते. रात्री अंथरुणावर पडल्यावर हा हिशेब कितीतरी दिवस मनात चालू असे.

उलट अनुभव आला तो एका महाविद्यालयाच्या कन्नड संघात. या शहराला अशा संघांची जुनी परंपरा आहे. सेंट्रल कॉलेजात ए. आर. कृष्णशास्त्री यांनी कर्नाटक संघ उभारला आणि त्यातून 1919 साली ‘प्रबुद्ध कर्नाटक’ हे नियतकालिक निघाले. क्राइस्ट कॉलेजात चि. श्रीनिवासराजू यांनी कन्नड संघ नावारूपाला आणला. महाविद्यालयीन कवींसाठी बेंद्र्यांच्या स्मरणार्थ काव्यस्पर्धा घेतली, पुस्तके काढली. ते बेंद्रे स्वतः पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकलेले, मराठीतही लिहिणारे; धारवाडला त्यांच्याभोवती जमलेल्या तरुण लेखकांच्या मंडळाचे नावच होते ‘गेळेयर गुंपु’, म्हणजे मित्रांचा मेळा. मी संघाच्या बैठकीत गेलो तेव्हा मला कन्नड जेमतेम कळत होते. तेथे एकच प्रश्न झाला : सध्या काय वाचता आहात? मग कोणीतरी हातात सतरंजीचे एक टोक दिले, दुसरे त्याने धरले आणि आम्ही ती अंथरली. माझी दीक्षा ती एवढीच.

त्यामुळे मुले विचारतात तेव्हा मी सांगतो : सूचनाफलक वाचा. वाङ्मय मंडळ, नाट्यसंघ, गिर्यारोहण, राष्ट्रीय सेवा योजना, जेथे काम आहे तेथे जा. पहिल्या बैठकीला मागे बसा, तिसऱ्या बैठकीला खुर्च्या उचला. मराठी मंडळात अवश्य जा, गणपतीत आरती म्हणा. पण तेथेच थांबू नका. ज्या शहराचे पाणी पितो, त्याच्या भाषेचे मंडळ गाठल्यावाचून आपण तेथे राहतो असे म्हणता येत नाही. आणि ‘ओळख करून घेण्या’च्या नावाखाली कोणी अपमान सोसायला सांगितला, तर तेथून उठून या आणि तक्रार करा. रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्रात 1999 पासून स्वतंत्र कायदा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2009 चे नियम तर देशभर लागू आहेत. सोसलेल्या अपमानातून बंधुभाव जन्मत नाही. पुढच्या वर्षी तो दुसऱ्यावर लादण्याची हौस तेवढी जन्मते.

अर्थात प्रत्येक मंडळाला उंबरठा असणारच; उंबरठा नसलेले घर म्हणजे रस्ता. पाहायचे ते इतकेच, की तो ओलांडताना आपल्याला काय विचारले जाते. ‘तू कोणाचा?’ या प्रश्नाचे उत्तर जन्माआधीच ठरलेले असते. ‘तू काय आणलेस?’ या प्रश्नाचे उत्तर मात्र ज्याचे त्याला घडवता येते, आणि माझ्या मते शिक्षणाचा आरंभ तेथूनच होतो.