जुळ्या तारकांचे वय

माणूस वय विचारल्यावर एखादे वेळी खोटे सांगतो. तारा सांगतच नाही. दिवाळीच्या दिवसांत रात्री नऊच्या सुमारास ईशान्येला पिवळसर ब्रह्महृदय वर आलेले असते. त्याचे वय सुमारे साठ कोटी वर्षे असल्याचे वाचले, तेव्हा मनात पहिला प्रश्न आला : हे मोजले कोणी?

मोजले नाही, मांडले. गणिती लोक यंत्रावर एक तारा रचतात. कांद्याच्या पापुद्र्यांसारखे त्याचे शेकडो थर करायचे. प्रत्येक थरात वरचे ओझे आणि आतला दाब यांचा मेळ घालायचा. किती उष्णता निघते, किती बाहेर जाते ते लिहायचे. मग काळ थोडा पुढे ढकलायचा आणि सारे गणित पुन्हा! 1964 साली म्युनिकच्या किपेनहान, वायगर्ट आणि एमी हॉफमायस्टर यांनी सूर्याच्या सातपट वजनाच्या ताऱ्याचे आयुष्य असेच उलगडले. घरखर्चाची वही लिहिणाऱ्यांना या चिकाटीचे मोल कळेल.

अशा मध्यम वजनाच्या ताऱ्यांची खरी अडचण पोटात असते. सूर्याचा गाभा शांत. यांचा दुधासारखा उकळतो. उकळी आपली सीमा ओलांडून किती वर जाते, यावर बरेच अवलंबून. जास्त गेली, तर वरचा ताजा हायड्रोजन गाभ्यात येतो आणि आयुष्य वाढते. नेमके हेच माप निव्वळ गणितातून नीट निघत नाही! ते ताऱ्यांकडेच मागावे लागते.

ब्रह्महृदय त्याला उपयोगी पडते, कारण ते एक नाही. 1899 मध्ये वर्णपटावरून कळले की तिथे दोन तारका आहेत. 104 दिवसांत एकमेकींभोवती फेरी पुरी करतात. एकीचे वजन सूर्याच्या 2.57 पट, दुसरीचे 2.48. फरक जेमतेम साडेतीन टक्के. पण जड तारका हीलियम जाळीत स्थिरावली आहे आणि हलकी अजून त्या वाटेवर आहे. दोघी एका वेळी जन्मलेल्या, तेव्हा गणितात दोघींना एकच वय लागू पडले पाहिजे. नाही पडले, तर गणित्याने मुकाट्याने उकळीचे माप बदलावे.

माझी आई आणि मावशी जुळ्या. मावशी वीस मिनिटांनी धाकटी. पण केस तिचे आधी पिकले, आणि गेलीही तीच आधी. आम्ही कारणे शोधली : बाळंतपणे, चाळीतला तिसरा मजला, नळाचे पाणी. कोणते साडेतीन टक्के नडले, कोण सांगणार! आई एवढेच म्हणाली, "आता दर वर्षी मी तिच्याहून एकेका वर्षाने मोठी होत जाणार."

ब्रह्महृदयाचा प्रकाश इथे पोचायला सुमारे 43 वर्षे लागतात. आज दिसतो तो निघाला, तेव्हा त्या दोघी एका चुलीपाशी चकल्या तळीत असतील, आणि भाजणी कुणी बिघडवली यावरून भांडत असतील.