दिसेनाशा झालेल्या गोष्टी

तिकांडं

मृग नक्षत्राच्या पोटातले एका ओळीतले तीन तारे. मळ्यात राखणीला झोपणारी माणसं त्यांच्यावरून वेळ सांगत. हे तारे अगदी पूर्वेला उगवतात, अगदी पश्चिमेला मावळतात आणि बारा तास आकाशात राहतात. मार्गशीर्षात दिवेलागणीला तिकांडं वर येतं, मध्यरात्री माथ्यावर, किंचित दक्षिणेला असतं आणि पहाटे मावळतं. म्हणजे अख्ख्या रात्रीचं घड्याळ. तारे शहरातूनही अजून दिसतात. गेली ती त्यांच्याकडे पाहून किती रात्र उरली ते सांगणारी माणसं.

कृत्तिकांची मोजणी

या पुंजक्यात साध्या डोळ्यांना सहा तारे, चांगली नजर असेल तर सात-आठ. पोरांची नजर तपासायची ही जुनी रीत. आता पुण्या-मुंबईच्या गच्चीवरून तीन-चार लागतात, नाहीतर नुसता पुंजका. सहा तारे कुठे आहेत, असं मूल विचारतं. मुलाची नजर चांगली असते. मधल्या हवेत उजेड भरलेला असतो.

देवयानीतला डाग

दिवाळीच्या सुमारास, रात्री दहाच्या आसपास, उत्तरेकडे उंचावर, देवयानी तारकासमूहात, एक धूसर ठिपका दिसायचा. ढग म्हणावा तर जागचा हलत नाही, तारा म्हणावा तर टोकदार नाही. ती दुसरी दीर्घिका, सुमारे 25 लाख प्रकाशवर्षं दूर. साध्या डोळ्यांनी सहज दिसणारी सगळ्यांत लांबची गोष्ट हीच. तिचा प्रकाश निघाला तेव्हा पृथ्वीवर आपल्यासारखा माणूस नव्हता. एवढ्या लांबून आलेला प्रकाश शेवटच्या काही किलोमीटरांत, आपल्याच दिव्यांच्या उजेडात हरवतो.

पश्चिमेचा उजेड

माघ-फाल्गुनात संधिप्रकाश पुरता संपल्यावरही पश्चिमेला एक फिकट उजेड उरतो. क्षितिजाशी रुंद, वर निमुळता, कृत्तिकांच्या दिशेनं चढत गेलेला. पहिल्यांदा पाहणारा हमखास विचारायचा, तिकडे कुठलं गाव आहे? गाव नसायचं. ग्रहांच्या कक्षांच्या पातळीत बारीक धूळ पसरलेली आहे, तिच्यावरून विखुरलेला हा सूर्यप्रकाश. याला राशिप्रकाश म्हणतात. गावाचा उजेड क्षितिजालगत पसरतो. हा राशींच्या वाटेनं वर चढतो. दोन्हींतला फरक कळला की सूर्यमालेची पातळी डोळ्यांसमोर उभी राहायची. आता त्या दिशेला खरंच गाव असतं, टोलनाका असतो, ढाबा असतो. उजेड कसला, हा प्रश्न कुणाला पडतच नाही.

आयरिडियमची चमक

काही नसलेल्या जागी एक ठिपका उजळायला लागायचा. बघता बघता तेजात शुक्राच्या वर जायचा, क्वचित शुक्राच्या कितीतरी पट तेजस्वी व्हायचा आणि काही सेकंदांत विझायचा. 1997 पासून सोडलेल्या आयरिडियम उपग्रहांना दाराएवढ्या तीन चकचकीत अँटेना होत्या. त्यांच्यावरून परावर्तित झालेला सूर्याचा कवडसा पृथ्वीवरून सरकत जायचा. तो आपल्या गच्चीवरून कधी जाणार, हे सेकंदापर्यंत आधी काढता यायचं. सोसायटीतल्या मुलांना गोळा करायचं, बोट रोखायचं आणि उलटी मोजणी सुरू करायची. शून्याला आकाशात दिवा लागायचा. गणितावर विश्वास बसायला याहून चांगला धडा नव्हता. 2017 ते 2019 या काळात नवे उपग्रह आले, त्यांना तशा अँटेना नाहीत. जुने बहुतेक वातावरणात जळून गेले. ही चमक आता परत यायची नाही.

हातानं घासलेला आरसा

एकाच मापाच्या दोन जाड काचा. मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी. वरची काच खालच्या काचेवर पुढे-मागे घासायची, थोडी फिरवायची, आपण टेबलाभोवती एक पाऊल सरकायचं, पुन्हा घासायचं. वरची काच आपोआप खोलगट होते, खालची फुगीर. भरड पुडीकडून बारीक पुडीकडे, मग डांबराच्या थरावर सेरियम ऑक्साइडनं पॉलिश. याला आठवडे लागतात.

मग ब्लेडची चाचणी. बारीक छिद्रातून आलेला प्रकाश आरशावर पाडायचा आणि परतलेले किरण जिथे एकत्र येतात तिथे ब्लेडची धार आडवी सरकवायची. आरशावरचा उंचसखलपणा सावल्यांत उमटतो. आरशावर काही क्षण अंगठा टेकवून काढला, तर तेवढ्या उबेनं काच फुगते आणि त्या जागी टेंगूळ दिसतं. हळूहळू काच निवते, टेंगूळ ओसरतं. आपल्या अंगठ्याची ऊब काच वाकवते, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की माणूस कुठल्याही मोजमापाकडे जपून बघायला शिकतो.

तयार दुर्बिणी स्वस्त झाल्या. त्यांतून शनीची कडी तितकीच छान दिसतात आणि त्या घराघरांत पोहोचल्या, हे चांगलंच झालं. पण आरसा घासणारे हात मोजकेच उरले.

रोलवरचा पहिला फोटो

ताऱ्यांचे फोटो काढायला निघताना रोलवरचा पहिला फोटो दिवसा, घराचा किंवा झाडाचा काढायचा. नाहीतर स्टुडिओवाल्याला सगळी फिल्म काळीच दिसायची. एक फोटो कुठे संपतो नि दुसरा कुठे सुरू होतो ते न कळून त्याची कात्री सप्तर्षींच्या मधूनच चालायची. शटर अर्धा तास उघडं ठेवलं की ध्रुवाभोवती ताऱ्यांच्या कमानी उमटत. काय आलंय ते आठवड्यानं कळायचं. तोवर वहीत लिहिलेली वेळ, दिशा आणि हवा एवढाच आधार. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो लगेच दिसायला लागला आणि ती वहीही बंद झाली.

पुण्याची वीस इंची दुर्बीण

पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांनी महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभारली. तिथे वीस इंची ग्रब दुर्बीण होती, त्या काळी देशातली सर्वांत मोठी. 22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध नायगमवालांनी जेऊरला जाऊन घेतले. 1912 साली ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली, दुर्बीण कोडाईकनालला गेली. एका माणसाबरोबर वेधशाळा मिटली. 1944 साली पुण्यात हौशी मंडळींची ज्योतिर्विद्या परिसंस्था निघाली, ती मात्र टिकली. एकाच्या मागे दुसरा उभा राहत गेला, म्हणून टिकली.

नीट पाहिलेली साक्ष

2 एप्रिल 2022, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भाच्या आकाशातून जळत्या गोळ्यांची रांग सरकत गेली. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला धातूचं भलंमोठं कडं पडलं. उल्का, क्षेपणास्त्र, विमान, सगळे तर्क झाले. तो चिनी अग्निबाणाचा भाग असल्याचा निष्कर्ष पुढे अभ्यासकांनी काढला.

हौशी निरीक्षकाला पहिली खूण जागेवरच मिळते. उल्का सेकंदाला 11 ते 72 किलोमीटर वेगानं येते आणि बहुधा डोळ्याचं पातं लवेपर्यंत संपते. उपग्रहाचा किंवा अग्निबाणाचा तुकडा आठेक किलोमीटर वेगानं, वातावरणाला जवळजवळ समांतर शिरतो, म्हणून सावकाश, तुटत तुटत जातो. तो किती सेकंद दिसला, कुठल्या दिशेकडून कुठे गेला, क्षितिजापासून किती मुठी वर होता, एवढं टिपलं की झालं. हात ताठ करून धरलेली मूठ म्हणजे साधारण दहा अंश. निरनिराळ्या गावांतल्या अशा नोंदी जुळवून त्याची वाट काढता येते. आता हात वर जातो तो मोबाइल धरायला. चित्र मिळतं, दिशा, उंची, वेळ राहून जाते.

अंधार

2011 ते 2022 या काळात जगभरातल्या सामान्य लोकांनी आपापल्या आकाशात कुठवरचे मंद तारे दिसतात ते कळवलं. अशा 51 हजारांहून अधिक नोंदींवरून 2023 साली निष्कर्ष निघाला की आकाश दरवर्षी सरासरी सुमारे 10 टक्क्यांनी उजळतं आहे. ज्या मुलाला जन्माच्या वेळी 250 तारे दिसले असते, त्याला अठराव्या वर्षी शंभरच दिसतील. हे मोजलं ते हौशी माणसांनीच.

या यादीत दोन तऱ्हेच्या गोष्टी आहेत. आयरिडियमची चमक गेली ती गेली. पण कृत्तिका, देवयानीतला डाग, राशिप्रकाश कुठेही गेलेले नाहीत. ते फक्त झाकले गेले आहेत. नदी स्वच्छ करायला वर्षं लागतात, आकाशाला एक बटण पुरतं. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या महाराष्ट्रातल्या भागाला जानेवारी 2024 मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी आसपासच्या गावांतले शंभराहून अधिक दिवे बदलले, उजेड खाली रस्त्यावर पडेल असे. रस्ते अंधारात गेले नाहीत.

आपल्या सोसायटीत, ग्रामपंचायतीत, मंदिराच्या आवारात एवढंच मागायचं आहे: दिव्याला वरून झाकण, पांढऱ्याऐवजी पिवळसर उजेड आणि रात्री अकरानंतर गरजेपुरतेच दिवे. आकाशात काही वेगळं दिसलं की हे काय असेल, असं विचारायचा हक्क पुढच्या मुलांनाही आहे, आणि तो त्यांना देणं आपल्या हातात आहे.