नावातली गेलेली भावंडं

काशीत भोसले घाटावर पिंडदानाला बसलो होतो. गुरुजी मराठी, ब्रह्माघाटाकडचे. त्यांनी तीन पिढ्यांची नावं विचारली. वडिलांचं सांगितलं, आजोबांचं सांगितलं, आणि पणजोबांच्या नावाशी अडखळलो. आमच्या छापील वंशावळीत ते ‘दत्तात्रय’ आहेत. पण आजोबा सांगायचे, पाळण्यात ठेवलेलं नाव दगडू. आधीची तीन मुलं वर्षाची व्हायच्या आतच गेली, म्हणून चौथ्याचं नाव दगडू.

‘दगडू,’ मी म्हणालो. गुरुजींनी काही न विचारता ते संकल्पात घेतलं.

नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेला हा घाट. वर लक्ष्मीनारायणाचं मंदिर, जवळच यमेश्वर आणि यमादित्य. दक्षिणेला थोडं चालत गेलं की मणिकर्णिका. यमाच्या इतक्या जवळ बसून दगडू हे नाव उच्चारताना मला त्याचा अर्थ प्रथमच नीट कळला. ते नाव यमासाठीच ठेवलेलं होतं. हा दगड आहे, याला नेऊन काय करशील, असं त्या आईला सांगायचं होतं. धोंडू, केरू, भिकू ही सगळी त्याच भीतीची भावंडं. कुणी मूल केरात लोळवायचं, कुणी नावापुरतं विकून पुन्हा भीक म्हणून मागून घ्यायचं. आपल्याकडे केरो लक्ष्मण छत्र्यांसारखा गणिती झाला, धोंडो केशव कर्वे ‘भारतरत्न’ झाले. नाव साधं राहिलं, त्याखाली माणूस वाढला.

अशा नावाचा एक फार जुना सोबती मला अश्शुरांच्या इतिहासात भेटला. मराठी बायबलात ज्याला सन्हेरीब म्हणतात, तो इसवी सनपूर्व ७०५ ते ६८१ या काळातला अश्शुरचा राजा. टायग्रिसच्या काठी निनवे ही त्याची राजधानी. इसवी सनपूर्व ६८९ मध्ये त्याने बाबिलोन उद्ध्वस्त केलं. शाळेच्या पुस्तकात असतो तो एवढाच, क्रूर विजेता. त्याचं मूळ नाव सिन-अहहे-एरिबा. सिन म्हणजे चंद्रदेव, अहहे म्हणजे भाऊ, एरिबा म्हणजे भरपाई केली. ‘सिनने भावांची भरपाई केली.’ हे नाव म्हणजे एक पूर्ण वाक्य आहे, आणि ते शोकाचं आहे. त्याच्या आधीची मुलं गेली होती. क्यूनिफॉर्म लिपीत चंद्रदेवाचं नाव ३० या आकड्याने लिहीत, महिन्याच्या तीस दिवसांवरून. म्हणजे आईबापांनी मोजलेले दिवसही त्या नावात आले, असं मला वाटत राहतं.

त्याचा बाप सारगोन. शर्रु-किन, म्हणजे खरा राजा. तो लढाईत पडला आणि त्याचं शव हाती लागलं नाही. पुढे सन्हेरीब स्वतः मुलाच्या कटात मारला गेला आणि धाकटा मुलगा गादीवर आला. त्याचं नाव अश्शुर-अहा-इद्दिन, ‘अश्शुर देवाने भाऊ दिला’. एका घराण्याच्या दोन पिढ्यांच्या नावांत ‘भाऊ’ हाच शब्द, आणि त्याच घरात भावाभावांचं वैर. मला हे वाचताना फार वाईट वाटलं.

आपण मृत्यूपासून मूल लपवलं, अश्शुरांनी देवाचं देणं उघड बोलून दाखवलं. तिसरीही एक रीत आहे, आणि ती भोसल्यांच्याच घराण्यात आहे. मालोजीराजांना अहमदनगरच्या शाह शरीफ पिराच्या कृपेने मुलं झाली, म्हणून थोरल्याचं नाव शहाजी, धाकट्याचं शरीफजी. परमानंदाच्या ‘शिवभारता’त हा प्रसंग आहे, आणि तो ग्रंथ म्हणजे कवीने काशीत, या गंगेकाठीच, पंडितांना सांगितलेली कथा आहे. फारसी ‘शाह’ आणि अक्कडी ‘शर्रु’ कानाला जवळचे वाटतात, दोघांचा अर्थही राजाच, पण त्यांचं मूळ वेगळं. नातं जोडायचा मोह आवरावा. नातं शब्दांचं नाही, ते नवसाचं आहे. मूल हवं होतं, मिळालं, आणि ज्याने दिलं त्याचं नाव त्याला दिलं.

म्हणून मला वंशावळीतला तो ‘दत्तात्रय’ खटकतो. नाव सुधारणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता, पण दगडू पुसला की आधीची तीन मुलंही पुसली जातात. त्यांची नावं कुठेही नाहीत, त्यांची खूण फक्त त्या एका शब्दात होती.

तुमच्या घरातही एखादा धोंडू, केरू, भिकाजी असेल. त्याचं नाव वंशावळीत आहे तसंच लिहा, आणि त्याच्याआधी गेलेल्यांसाठी एक ओळ मोकळी ठेवा.