पाना फिरेल एवढी जागा

जहाजावरचा बॅलास्ट पंप इंजिनरूमच्या तळाशी असतो, आणि तो तिथेच असायला हवा. माल उतरवलेलं जहाज हलकं होऊन वर येतं, प्रोपेलर पुरेसा बुडत नाही, वाऱ्यात जहाज आवरत नाही. म्हणून टाक्यांत समुद्राचं पाणी भरून त्याला वजन द्यायचं, आणि माल चढायला लागला की तेच पाणी बाहेर टाकायचं. साध्या सेंट्रिफ्यूगल पंपाला हवा ओढता येत नाही. पाणी आपसूक त्याच्यापर्यंत उतरत आलं पाहिजे. त्यामुळे तो जितका खाली तितका बरा. हे सगळं मला मान्य आहे. मरीन इंजिनिअर म्हणून उमेदीची वर्षं मी याच पंपांपाशी काढली. माझी तक्रार एवढीच की पंप कुठे बसवायचा हे ठरवताना तो उघडणाऱ्या माणसाला कुणी विचारात घेत नाही.

एका बल्क कॅरिअरवरचा पंप अजून डोळ्यांसमोर आहे. उभा पंप, वर मोटर, खाली केसिंग. असा पंप उघडायचा म्हणजे मोटर चेन ब्लॉकने सरळ वर उचलायची आणि मग शाफ्ट-इंपेलर वर काढून घ्यायचे. पाइपांना हातही लावावा लागत नाही. पण या पंपाच्या नेमक्या डोक्यावरून कुणीतरी फायर लाइनचा पाइप नेला होता. चेन ब्लॉक तिरका टांगावा लागे, मोटर झोके घेई आणि दोघं जण तिला खांद्याने आवरत उभे राहत. मेकॅनिकल सील गळत होतं, शाफ्टपाशी मिठाचा पांढरा थर चढला होता, आणि चार्ज देताना लिहायच्या यादीत एकच ओळ या इंजिनिअरकडून त्या इंजिनिअरकडे जात होती: सील पुढच्या बंदरात बदलणे. त्यांना आळशी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. जिथे हात पोचत नाही तिथलं काम लांबणीवर पडतंच. ड्राय डॉकमध्ये आम्ही पंप जागचा हलवला नाही. वरचा पाइप बाजूने वळवून घेतला आणि पंपाच्या बरोबर वर चेन ब्लॉक अडकवायला एक आय प्लेट वेल्ड केली. त्यानंतरचं सील एका सकाळीत बदलून झालं.

काही गोष्टी तळाशीच राहणार. मग त्यांच्यापर्यंतची वाट तरी नीट करावी. समुद्री सुरक्षेच्या सोलास नियमांत याचं छान उदाहरण आहे. इंजिनरूममध्ये पाणी भरलं तर समुद्राच्या पाण्याचे मुख्य व्हॉल्व्ह उघडता-मिटता आले पाहिजेत, म्हणून त्यांचे स्पिंडल फ्लोअर प्लेटच्या बरेच वर आलेले असावेत असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. व्हॉल्व्ह खाली आणि त्याचं चाक माणसाच्या हाताशी. नवी यंत्रं बसवतानाही हाच प्रश्न आला. ८ सप्टेंबर २०१७ रोजी बॅलास्ट पाण्याचा आंतरराष्ट्रीय करार अमलात आला आणि जुन्या जहाजांवरही पाणी शुद्ध करणारी यंत्रणा बसवायची वेळ आली. शेवटची मुदत सप्टेंबर २०२४ ची होती. आधीच खच्चून भरलेल्या इंजिनरूममध्ये फिल्टर आणि अतिनील दिव्यांचे चेंबर घुसवायचे होते. नकाशे घेऊन लोक यायचे तेव्हा मी एकच विचारायचो: दिव्याची नळी बाहेर काढताना ती कुठल्या बाजूने ओढायची? नळी जेवढी लांब तेवढीच मोकळी जागा तिच्यासमोर हवी. नाहीतर एक दिवा बदलायला अख्खं चेंबर सोडवावं लागतं.

निवृत्तीनंतर आम्ही बंगळुरातल्या चामराजपेटेत सासरेबुवांच्या घरी राहायला आलो. ही पेठ १८९२ सालची, महाराज चामराजेंद्र वाडियार यांच्या नावाने वसवलेली. इथे कावेरीचं पाणी येतं ते मंड्या जिल्ह्यातल्या टी. के. हळ्ळीहून, सुमारे १०० किलोमीटरवरून, टप्प्याटप्प्याने जवळजवळ ५०० मीटर चढवून. आमच्या नळाला ते एक दिवसाआड, बारीक धारेने येतं. म्हणून अंगणात जमिनीखाली सम्प, गच्चीवर टाकी आणि दोन्हींच्या मध्ये पंप. आमचा पंप जिन्याखालच्या खड्ड्यात होता, वर ग्रॅनाइटची फरशी. ती सरकवायला दोन माणसं लागायची आणि खड्ड्यात उतरलेल्या प्लंबरला पाना पाव फेरासुद्धा फिरवता येत नसे. अंगण गाडीसाठी उंच करून घेतलं तेव्हा पंप होता तिथेच राहिला आणि भोवताली खड्डा तयार झाला, असं सासरेबुवा सांगत.

सप्टेंबर २०२२ च्या पावसात तो खड्डा भरला आणि मोटर जळाली. त्याच पावसात टी. के. हळ्ळीच्या पंपिंग स्टेशनमध्येही पाणी शिरलं होतं आणि बंगळुरातल्या किती भागांचे नळ कोरडे पडले होते. टँकरची वाट बघत मी कागद-पेन्सिल घेऊन जिन्यापाशी बसलो.

“जावईबापू, सबमर्सिबल टाका की. हल्ली सगळे तोच टाकतात,” सासरेबुवा म्हणाले.

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. पण सबमर्सिबल म्हणजे पंप पुन्हा पाण्याखाली. बिघडला की दोरीने वर ओढायचा, आणि घरात दिवसभर असतात ती दोन्ही माणसं ऐंशीच्या पुढची. मला पंप कमरेच्या उंचीवर, भिंतीपाशी, उजेडात हवा होता. वर न्यायला मर्यादा आहे ती हवेच्या दाबाची. समुद्रसपाटीला हा दाब पाण्याचा सव्वादहा मीटरच्या आसपासचा स्तंभ पेलतो. बंगळूर ९०० मीटरहून उंच, इथे तो सव्वानऊपर्यंत उतरतो. घर्षण आणि गळती धरली तर घरगुती पंपाने सहा मीटरच्या आत राहावं. आमच्या सम्पच्या तळापासून नव्या जागेपर्यंतचं अंतर याच्या बरंच आत बसत होतं. तेव्हा स्वतः पाणी ओढून घेणारा सेल्फ-प्रायमिंग मोनोब्लॉक पंप घ्यायचं ठरलं.

एस. पी. रोडवरून पंप आणण्याआधी त्याच्या मापाचं पुठ्ठ्याचं खोकं मी भिंतीशी टेकवलं आणि चारही बाजूंनी पाना फिरवून पाहिला. प्लंबर आधी हसला, मग त्यानेच खोकं वीतभर डावीकडे सरकवलं. पंख्याच्या बाजूचं झाकण काढायला तेवढी जागा लागते, हे त्याला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. सक्शनचा पाइप जुन्यापेक्षा एक माप मोठा घेतला, एल्बो कमीत कमी ठेवले आणि सम्पपासून पंपापर्यंत तो सतत चढता नेला. मध्ये कुठे उंचवटा राहिला की तिथे हवा अडकते आणि पंप नुसता गरगरतो. दोन्ही बाजूंना युनियन आणि बॉल व्हॉल्व्ह बसवले. फूट व्हॉल्व्हचा पाइप झाकणातून सरळ वर ओढता येईल असा सुटा ठेवला. पंपाच्या पायाखाली रबराचा पॅड घातला, कारण भिंतीपलीकडे शेजाऱ्यांची झोपायची खोली आहे.

मिनेसोटात राहणाऱ्या भाच्याला मी याचे फोटो पाठवले. त्याच्याकडे तळ्यात फिरवायची वेकबोट आहे. मागे मोठी लाट उठावी म्हणून तिच्यातही बॅलास्टच्या पिशव्या भरतात. तिचे पंप मागच्या सीटखाली, टाकीच्या आड, आणि त्यातला रबरी इंपेलर झिजला की बदलावाच लागतो. इंपेलर रबरी असल्यामुळे ते पंप स्वतः पाणी ओढून घेतात, म्हणून वरच्या लॉकरमध्ये हलवता येतील, असं मी त्याला कळवलं. साधे सेंट्रिफ्यूगल असते तर ते पाण्याच्या पातळीखालीच ठेवावे लागले असते. स्क्रू असलेलं झाकण स्वतःकडे तोंड करून बसव, एवढं बजावलं.

नंतर आमच्या पंपाचं सील गळायला लागलं तेव्हा मी घरी नव्हतो. सासूबाईंनी जमिनीवरची ओल बघितली, बटण बंद केलं, दोन्ही व्हॉल्व्ह फिरवले आणि प्लंबरला फोन केला. त्याने युनियन सोडून पंप बाकावर घेतला, सील बदललं आणि चहा घेऊन गेला. आता शेजाऱ्यांनाही त्यांचा पंप वर घ्यायचा आहे. त्यांचा सम्प आमच्यापेक्षा बराच खोल आहे, त्यामुळे आमचा नकाशा तिथे चालेलच असं नाही. रविवारी टेप घेऊन आधी तळापासूनचं अंतर मोजणार आहे.