थंड हवेच्या ठिकाणी

लोणावळ्यात राहणाऱ्या माणसाने गाडीच्या एसीवर 31,000 रुपये घातले असे ऐकले की लोक काय म्हणतात, हे मला आता पाठ झाले आहे. आमच्या स्टाफरूममध्ये ते म्हणून झाले आहे. "अहो, लोक पदरचे पैसे मोडून तुमच्या गावी हवा खायला येतात, आणि तुम्ही हवा विकत घेता!" असे आमचे इतिहासाचे प्राध्यापक म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो. कारण गाडी तरी कसली? 2009 सालची पिकअप, आणि तीही माझी नव्हे, थोरल्या भावाची. माझ्याजवळ एक स्कूटर आहे. तिला ईश्वरी एसी आहे.

दादा पवन मावळातल्या पॉलिहाऊसमधले गुलाब रात्री दादरच्या फूलबाजारात पोहोचवतो. वीस-वीस फुलांच्या जुड्या, त्यांच्या पुठ्ठ्याच्या पेट्या, वर ताडपत्री. मध्यरात्रीच्या आधी निघायचे आणि बाजाराला रंग चढण्यापूर्वी पोहोचायचे. वडील गेले तेव्हा तो दहावीत होता. शाळा सोडून तो दुसऱ्याच्या टेम्पोवर बसला, आणि मी शाळेतच बसून राहिलो. मी एम. ए. झालो त्यात माझी अक्कल किती आणि दादाचे डिझेल किती, हा हिशेब मी कधी मांडला नाही. काही हिशेब न मांडण्यातच माणसाची सोय असते.

गाडी घेतली तेव्हा तिला एसी होता. तीन वर्षांपूर्वी त्याचा कॉम्प्रेसर जाम झाला. दादाने पट्टा कापून टाकला आणि तो विषय संपवला. मी एकदोनदा म्हटले, "दादा, मी करून देतो." त्यावर तो म्हणे, "गुलाबाला न्हाई एसी, अन् मला कशाला? मी काय कोमेजतोय व्हय?"

उन्हाळ्यापुरते त्याचे खरे होते. पण आमच्याकडे उन्हाळा हा पाहुणा आहे. घरचा मालक पावसाळा. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. त्या दिवसांत घाटातून रात्री गाडी हाकणाऱ्याचा खरा वैरी पाऊस नसतो, समोरची काच असते. बाहेरून पाण्याने गार पडलेली काच, आत ओल्या कपड्यांची नि श्वासांची वाफ. खिडकी उघडावी तर पाऊस मांडीवर, लावावी तर काचेवर दव. यावर आमच्या भागातल्या ड्रायव्हरांचे उपाय ठरलेले आहेत. कुणी बटाटा कापून काचेवर घासतो, कुणी तंबाखूची पुडी फिरवतो. दादा तंबाखू पंथाचा. शिवाय एक जुने फडके.

गेल्या श्रावणात मला सकाळी मुंबईत एका चर्चासत्राला जायचे होते, म्हणून मी त्याच्या गाडीत बसलो. विषय होता संतकाव्यातील प्रकाशाच्या प्रतिमा. खंडाळा ओलांडले आणि प्रकाश संपला. दादाने फडके माझ्या हातात दिले. "मास्तर, तुला फुकट नेत न्हाई मी. पुसत ऱ्हा."

मी पुसत राहिलो. पुसावे आणि पुन्हा तेच. जिथे जुना अमृतांजन पूल होता (तो 2020 च्या एप्रिलमध्ये पाडला) तिथे आसपास धुके नेहमीच दाट असते. त्या धुक्यात डावीकडे एक कंटेनर उभा होता. मागचा दिवा नाही, फांदी नाही, दगड नाही. मला तो दिसला. मी ओरडलो. दादाने ब्रेक मारला, मागच्या पेट्या धाडकन पुढे आल्या, आणि गाडी थांबली तेव्हा कंटेनरची नंबरप्लेट मी बसल्या जागेवरून वाचू शकत होतो. दोघेही बोललो नाही. खोपोली येईपर्यंत माझा हात फडक्यावरच होता. माझी बाजू मी नुकतीच पुसली होती म्हणून मला आधी दिसले, अशी मी मनाची समजूत घातली.

परतल्यावर मी दादाला विचारले नाही. गाडीची किल्ली घेतली आणि त्यालाच शेजारी बसवून कामशेतला उस्तादांकडे गेलो. उस्ताद सत्तरीचे गृहस्थ. बॉनेट उघडून त्यांनी बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "कॉम्प्रेसर एकटा मरत नाही, सर. मरताना घरच्यांनाही घेऊन जातो."

त्याचा अर्थ पुढे दोन दिवस मी स्टुलावर बसून समजून घेतला. कॉम्प्रेसर आतून झिजून जाम होतो तेव्हा धातूचा बारीक चुरा तेलाबरोबर सगळ्या नळ्यांतून फिरतो. नुसता कॉम्प्रेसर बदलला तर जुना चुरा नव्यालाही खातो. म्हणून रेडिएटरपुढचा कंडेन्सर बदलायचा, कारण त्याच्या केसाएवढ्या वाटांतून चुरा धुऊन निघत नाही. ओल शोषणारी ड्रायरची बाटली नवी. एक्स्पान्शन व्हॉल्व्ह नवा. नळ्या धुवायच्या. प्रत्येक सांध्यातली रबरी ओरिंग नवी. एक जुनी राहिली तरी महिन्याभरात गॅस पसार. मग व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल ओढून काढायची, पंप बंद करून काटा हलतो का ते पाहायचे, आणि काटा हलला नाही तरच गॅस भरायचा, तोही वजन करून. "अंदाजाने भरतात ते चहात साखर घालणारे," उस्ताद म्हणाले. पूर्वी गाड्यांत येणारा आर-12 गॅस त्यांनी वर्षानुवर्षे भरला होता. तो आकाशातल्या ओझोनला खातो म्हणून 1987 च्या माँट्रियल करारानंतर हळूहळू बंद झाला. दादाच्या गाडीत आर-134ए. तो ओझोनला सोडतो, पण हवा तापवतो. उस्तादांच्या मते गॅस आणि माणूस यांत निर्दोष कुणी नसतो.

इथे एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. हे यंत्र मुळी माणसाला गारवा देण्यासाठी निघालेच नाही. 1902 साली विलिस कॅरियर या तरुण इंजिनियरने ते ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी आखले. दमट हवेत कागद फुगे आणि एकावर एक छापायचे रंग सरकत. त्याला हवेतले पाणी काढायचे होते. दादाच्या गाडीतही नेमके तेच हवे होते: डॅशबोर्डामागच्या गार कॉइलवर हवेतले पाणी धरायचे, ते गाडीखाली गाळून टाकायचे, आणि कोरडी हवा काचेवर सोडायची. 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या, साडेतीन टनांवरच्या ट्रकांना एसी केबिनची सक्ती झाली आहे. दादाची पिकअप वजनानेही त्यात बसत नाही, वयानेही नाही.

कॉइल साफ करायला उस्तादांनी डॅशबोर्ड उतरवला. आत सोळा वर्षांचा संसार होता. सुकून काळ्या झालेल्या पाकळ्या, भाताचे तूस, टोलच्या पावत्या, एक रुपयाची तीन नाणी. काचेखालच्या फटीतून सगळे आत घसरलेले. त्यांत चौघडी केलेला एक कागद होता. डोळ्यांच्या डॉक्टरची चिठ्ठी, तीन वर्षांपूर्वीच्या तारखेची. दोन्ही डोळ्यांचे लांबचे नंबर, आणि खाली रेघ मारून लिहिलेले: रात्री गाडी चालवताना चष्मा आवश्यक.

मी ती दादापुढे धरली. तो चहा पीत होता. कागदाकडे न बघताच म्हणाला, "हरवली व्हती."

"मग दुसरी का नाही घेतलीस?"

"चष्मेवाल्या ड्रायव्हरला कोन देतंय माल? म्हातारा झाला म्हनत्यात."

मला खूप बोलायचे होते. वर्गात पंचेचाळीस मिनिटे न थांबता बोलणारा माणूस मी. पण समोर पन्नाशी ओलांडलेला, तीन पावसाळे रोज रात्री तो घाट अंदाजाने उतरलेला माणूस बसला होता, आणि माझ्या पोराची फी त्यांतल्या एका पावसाळ्यात त्यानेच भरली होती. मी एवढेच म्हटले, "उस्ताद, गाडी आज होईल का?"

"उद्या."

"मग आपण लोणावळ्याला जाऊन येऊ, दादा. बाजारात."

तो समजला. कप ठेवत म्हणाला, "येशीचं तुझं. चष्म्याचं पैसं माझं." वहिनीला मात्र चिठ्ठीचे सांगायचे नाही, अशी अट घातली. मी ती पाळली. छापून येईल त्याला इलाज नाही.

आठवड्याने मी पुन्हा त्याच्याबरोबर गेलो. या वेळी चर्चासत्र नव्हते. खंडाळ्याला काच धुरकटली, दादाने बटण दाबले, आणि दव खालून वर विरत गेले. मिनिटभरात आख्खी काच मोकळी. मी शाल पांघरून बसलो. दादाच्या नाकावर जाड काळ्या काड्यांचा चष्मा होता, आणि तो आमच्या वडिलांसारखा दिसत होता. त्याने पुढच्या ट्रकवरची पाटी मोठ्याने वाचून दाखवली. मग त्याच्या पुढच्या ट्रकवरचीही.

दादरला पोहोचलो तेव्हा पाऊस उघडला होता. दार उघडून तो खाली उतरला, आणि त्या दमट हवेत त्याच्या गार चष्म्याच्या दोन्ही काचा पांढऱ्या झाल्या. हमाल पेट्या उतरवायला आले होते. तो तसाच उभा राहिला, हात मागे करून.

"मास्तर, ते फडकं दे जरा."

फडके मी लोणावळ्यातच टाकून दिले होते. मी माझा रुमाल दिला.