संगम माहुलीचा खंड्या

साताऱ्याला भाचीच्या लग्नाला निघालो, तेव्हा आमचा सोन्या जाऊन तीन महिने झाले होते. सोन्या म्हणजे आमचा कुत्रा. इंदूरच्या आमच्या तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये तो तेरा वर्षे राहिला. शेवटी मूत्रपिंडांनी दगा दिला आणि एका पहाटे मुलीच्या मांडीवर डोके ठेवून तो गेला.

शेजारीपाजारी भेटायला आले. "अहो, कुत्राच तो! दुसरा आणा, म्हणजे विसरायला होईल," असे बहुतेकांनी सांगितले. त्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हते. पण त्यानंतर घरात रडायचीसुद्धा चोरी झाली. मुलगी न्हाणीघरात जाऊन रडे. हे वर्तमानपत्रात तोंड घालून बसत. आणि आबा, म्हणजे माझे सासरे, एक शब्दही बोलत नसत.

खरे तर सोन्याला घरात आणायला सर्वांत जास्त विरोध होता तो आबांचाच. "कुत्र्याचा लळा लावून घेऊ नये," एवढेच ते म्हणत. का, ते कधी सांगत नसत. पुढे मात्र रोज पहाटे साडेपाचला सोन्याला फिरवून आणायचे काम त्यांनी आपण होऊन अंगावर घेतले. सोन्या गेल्यावरही ते त्याच वेळी उठत, पायांत चपला घालत, आणि दाराशी जाऊन परत फिरत.

लग्न पार पडले. दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीला अजून अवकाश होता. आबा एकदम म्हणाले, "मला माहुलीला जायचंय." आम्हांला वाटले, संगमावर देवदर्शन करायचे असेल. रिक्षा केली आणि निघालो.

कृष्णा-वेण्णेच्या संगमावर

साताऱ्याच्या पूर्वेला पाच-एक किलोमीटरवर कृष्णा आणि वेण्णा एकमेकींना भेटतात. तिथेच नदीच्या दोन काठांवर संगम माहुली आणि क्षेत्र माहुली अशी दोन गावे आहेत. पेशव्यांच्या तोंडावर न्याय सांगणारे रामशास्त्री प्रभुणे या माहुलीचेच.

रिक्षातून उतरलो की काळ्या दगडाची देवळे आणि पाण्यात उतरत गेलेले घाट दिसतात. संगम माहुलीचे काशी विश्वेश्वराचे मंदिर सर्वांत मोठे. श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी ते १७३५ च्या सुमारास बांधले. समोर पैलतीरी रामेश्वर आहे. घाटावर कुणी कपडे धूत होते, कुणी दहाव्याचे विधी करत होते. नदी संथ होती.

हा काठ साताऱ्याच्या राजघराण्याचा विसावा. थोरल्या शाहू महाराजांची समाधी इथे आहे आणि महाराणी ताराबाईंचीही. गादीसाठी एकमेकांशी झगडलेली ही दोन माणसे शेवटी एकाच संगमावर विसावली आहेत. आणि त्यांच्याच शेजारात एका कुत्र्याचीही समाधी आहे. दगडी चौथरा आणि त्यावर दगडातच घडवलेला कुत्रा. हा शाहू महाराजांचा खंड्या.

मुलगी पाण्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आजोबा, खंड्या तर तो!" काठावरच्या फांदीवर निळ्या पंखांचा खंड्या पक्षी बसला होता. आबा कितीतरी दिवसांनी हसले. "नावं सारखी आहेत ग, पण आपला खंड्या हा," असे म्हणून त्यांनी तिला चौथऱ्यापाशी बसवले आणि त्याची गोष्ट सांगितली.

जहागीर आणि पालखी

शाहू महाराजांना शिकारीचा मोठा नाद. अशाच एका शिकारीत वाघ त्यांच्या अंगावर आला, तेव्हा या कुत्र्याने त्यांचा जीव वाचवला, असे सांगतात. महाराजांनी ते उपकार मनात ठेवले नाहीत, जाहीर केले. कुत्र्याच्या नावाने जहागिरीची सनद काढली, त्याला पालखीचा मान दिला. एकदा भर दरबारात बडे सरदार भेटीला यायचे होते, तेव्हा त्यांनी खंड्याला जरीची वस्त्रे आणि दागिने घातले आणि आपल्या डोक्यावरची पगडी उतरवून त्याच्या डोक्यावर ठेवली. त्यानंतर महाराजांनी पुन्हा कधीही डोक्यावर काही घातले नाही, असेही म्हणतात.

ही हकीकत साताऱ्यात इंग्रजांचा रेसिडेंट असलेल्या जेम्स ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात लिहून ठेवली आहे. पण ती लिहिली आहे महाराजांच्या बुद्धिभ्रंशाचा मासला म्हणून! दरबारी लोकांनी राजाचा लहरीपणा चालवून घेतला, असा त्याचा सूर.

मला मात्र त्या चौथऱ्यापाशी वेगळेच आठवत होते. रायगड मोगलांच्या हाती पडला १६८९ साली, तेव्हा शाहू सात वर्षांचे होते. त्यानंतर औरंगजेबाच्या छावणीत कैदेत राहून ते सुटले १७०७ साली, पंचविशीत. परत आले तर स्वतःची माणसेच समोर शस्त्रे घेऊन उभी. अशा माणसाला सनद, गादी, पगडी यांचा हिशेब न ठेवता जीव लावणारे कुणी भेटले असेल, तर त्याने आपली पगडी त्याच्या डोक्यावर ठेवावी, यात वेडेपणा तो कसला? हा आपला माझा विचार. इतिहासकारांना तो पटेलच असे नाही.

कुत्र्याचे स्मारक म्हटले की आपल्याला रायगडावरचा वाघ्या आठवतो. ते स्मारक १९३६ सालचे. त्यामागच्या कथेला समकालीन पुरावा नाही, म्हणून त्यावरून वादही होतात. पण कुत्र्यासाठी दगड उभारण्याची रीत आपल्या देशात फार जुनी आहे. काही वर्षांपूर्वी बंगळूरला गेलो असताना कस्तुरबा रस्त्यावरच्या सरकारी संग्रहालयात आतकूरची शिळा पाहिली होती. ती राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळातली, इसवी सन ९४९-५० ची. मणलेर नावाच्या वीराने लढाईतल्या पराक्रमाचे बक्षीस म्हणून काय मागितले असेल? 'काळी' नावाचा शिकारी कुत्रा! पुढे त्या कुत्र्याने एका दांडग्या रानडुकराशी झुंज घेतली आणि दोघेही मेले. मणलेरने देवळासमोर शिळा उभारली, जमीन लावून दिली, आणि जमीन सांभाळणाऱ्याने या शिळेची पूजा केल्याशिवाय जेवू नये, असे कोरून ठेवले. शिळेवर कुत्रा आणि डुक्कर अजून झुंजत आहेत.

पुलापर्यंत आलेला मोती

गोष्ट संपली. मुलगी घाटावर पाय भिजवायला गेली. आबा तसेच बसून राहिले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "सूनबाई, आमच्याकडेही एक मोती होता. इथं, साताऱ्यात."

लग्न होऊन मी या घरात आले त्याला तीस वर्षे होतील. मोतीचे नाव मी प्रथमच ऐकत होते.

१९५९ साली आबांच्या वडिलांची बदली झाली. आबा तेव्हा बारा वर्षांचे. मोतीला बरोबर न्यायचा प्रश्नच नव्हता. त्याला शेजारच्या वाड्यात बांधून ठेवले. त्या काळी रेल्वे धरायची तर सातारारोड स्टेशन गाठावे लागे आणि तिकडची वाट माहुलीवरूनच जाई. मोटार गावाबाहेर पडली आणि आबांनी मागे पाहिले, तर दोरी तोडून मोती धावत येत होता. गळ्यात तुटका दोर तसाच.

"कृष्णेच्या पुलापर्यंत आला. मग दमला असावा. पुलाच्या तोंडाशी उभा राहिला. मी दादांना म्हणालो नाही, गाडी थांबवा म्हणून. म्हणायला हवं होतं. थांबवली नसती त्यांनी, पण म्हणायला हवं होतं. दादा म्हणाले, 'कुत्रं ते, राहील कुठंही.' पुढं साताऱ्याहून पत्रं यायची. मी कधी विचारलं नाही त्याचं काय झालं ते."

थोड्या वेळाने ते म्हणाले, "सोन्याला शेवटी आपण सोडलं नाही, एवढं बरं झालं."

मी काही बोलले नाही. बोलण्यासारखे काही नव्हतेही. हे मागेच उभे होते. त्यांनी वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला. आमच्या घरात अशी पद्धत नाही, पण ठेवला.

निघताना आबांनी ओंजळभर कृष्णेचे पाणी आणून त्या दगडावर सोडले. पिशवीत ग्लुकोज बिस्किटांचा पुडा होता. वासाने गावातली दोन-तीन कुत्री भोवती जमली. मुलीने बिस्किटे वाटली. त्यातला एक तांबूस, एका कानाने पडका कुत्रा रिक्षामागून थोडा पळत आला. आबांनी रिक्षावाल्याला हाक मारली, "जरा थांब रे!" खाली उतरून त्यांनी उरलेली बिस्किटे त्याच्यापुढे ठेवली, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि तो खाऊन आपल्या वाटेने माघारी वळेपर्यंत उभे राहिले. मगच रिक्षात बसले.

साताऱ्याला गेलात तर कास पाहा, अजिंक्यतारा चढा, सज्जनगडाचे दर्शन घ्या. पुण्याहून सातारा सुमारे ११० किलोमीटर. आणि एक सकाळ माहुलीसाठी ठेवा. पावसाळा ओसरल्यावर, हिवाळ्यात गेलात तर घाट मोकळे असतात. तुमच्या घरातला कुणी मोती, टॉमी, राणी गेली असेल आणि लोक म्हणत असतील, "कुत्राच तो," तर खंड्याच्या चौथऱ्यापाशी दोन क्षण बसा. जाताना बिस्किटांचा पुडा तेवढा विसरू नका.